माळ्यावर उत्तर ध्रुव सापडला तर

घराची वाटणी झाली, जुनं धाब्याचं घर उतरवून स्लॅब टाकायचं ठरलं, किंवा वकिली करणाऱ्या आजोबांचं कपाट एकदाचं रिकामं करायला घेतलं, की कायद्याची बाडं, पंचांगं, पोथ्या यांच्यात एखादं अनपेक्षित इंग्रजी पुस्तक निघतं. नंदुरबार, शहादा, तळोदा या पट्ट्यात बर्फाच्या प्रदेशाविषयीचं पुस्तक निघालं तर ते बहुधा दोन वाटांपैकी एका वाटेने आलेलं असतं. एक वाट पुण्याची, म्हणजे लोकमान्य टिळकांची. दुसरी साहेबांची : जिल्ह्याचे गोरे अंमलदार, जंगल खात्याचे अधिकारी, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात खानदेशात काम करायला आलेले स्कँडिनेव्हियातले मिशनरी. ही मंडळी परत गेली किंवा त्यांच्या सामानाचा लिलाव झाला, तेव्हा त्यांची पुस्तकं इथल्याच कुणाच्या तरी घरी राहिली.

असं पुस्तक हाती लागलं की दोन टोकांच्या चुका होतात. एक तर ते रद्दीच्या वजनात जातं, नाहीतर ‘शंभर वर्षांचं आहे, लाखो रुपये येतील’ अशी हवा घरात पसरते आणि भावाभावांत बोलणं बंद होतं. दोन्ही टाळायचं असेल तर एक गोष्ट पक्की धरा. पुस्तकातला मजकूर आज जवळजवळ फुकट मिळतो. मोल असतं ते तुमच्या हातातल्या प्रतीला. ती कोणती आवृत्ती आहे, पुरी आहे का, कुणाच्या हातून आली आणि तिला कुणी ‘दुरुस्त’ तर केलेलं नाही ना, यावर सगळं ठरतं.

मराठी घरात सापडण्याची सर्वांत जास्त शक्यता असलेलं आर्क्टिकवरचं पुस्तक कुठल्या दर्यावर्दीचं नाही, टिळकांचं आहे. ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ हा इंग्रजी ग्रंथ पुण्याहून १९०३ मध्ये निघाला. त्याची प्रस्तावना त्याच वर्षीच्या मार्चमधली. पहिला खर्डा १८९८ च्या अखेरीस, म्हणजे राजद्रोहाच्या पहिल्या शिक्षेतून सुटल्यानंतर तयार झाला होता. मग इतर व्याप, ताईमहाराज प्रकरण, आणि सिंहगडावरच्या मुक्कामात पुन्हा हात फिरवणं यांत काही वर्षं गेली. दीर्घ पहाट, सहा महिन्यांचा दिवस आणि तेवढीच रात्र यांची वर्णनं ऋग्वेदातल्या उषासूक्तांशी ताडून आर्यांचं मूळ वसतिस्थान ध्रुवाजवळ होतं, असा सिद्धान्त त्यांनी मांडला. अमेरिकेतल्या विल्यम फेअरफील्ड वॉरन यांच्या १८८५ च्या ‘पॅराडाइज फाउंड’ या पुस्तकाचाही त्यांनी आधार घेतला. गंमत अशी की तोपर्यंत ध्रुवावर कुणीही पोहोचलेलं नव्हतं. नॅन्सेन १८९५ मध्ये ८६ अंशांच्या थोडा पुढे जाऊन मागे फिरला होता आणि पिअरीचा दावा यायला १९०९ उजाडणार होतं. आजचे अभ्यासक टिळकांचा सिद्धान्त मान्य करत नाहीत. पावगी नावाच्या लेखकाने तर १९१५ मध्येच ‘आर्यावर्तिक होम’ लिहून सप्तसिंधूचा पक्ष मांडला होता. संग्राहकाला या वादाशी फारसं देणंघेणं नसतं. उलट घरात दोन्ही पुस्तकं शेजारी शेजारी निघाली, तर ती जोडी फोडू नका.

आता तुमच्या हातातली प्रत १९०३ चीच आहे का, ते बघा. मुखपृष्ठावरून काही ठरत नाही. बांधणी पुढे कधीही बदललेली असू शकते. आतलं शीर्षकपान आणि त्याची मागची बाजू उघडा. साल, गाव, प्रकाशक, छापखाना आणि आवृत्ती किंवा पुनर्मुद्रणाचा उल्लेख या पाच गोष्टी कागदावर उतरवून घ्या. टिळकांच्या या ग्रंथाची टिळक ब्रदर्सने पुढे १९२५ आणि १९५६ मध्ये पुनर्मुद्रणं केली. तीही जुनी दिसतात, कागदही पिवळा पडलेला असतो, आणि घरातले लोक त्यांनाच ‘ओरिजिनल’ समजतात. प्रकरणं तेरा आहेत. शेवटचं प्रकरण आणि त्यामागची सूची शाबूत आहे का, ते पाहा, कारण जुन्या बांधणीत शेवटची पानं सर्वांत आधी सुटतात.

याहून फसवा प्रकार आजकालच्या हुबेहूब प्रतींचा. जुन्या प्रतीचं स्कॅनिंग करून मागणीनुसार छापलेल्या पुस्तकात शीर्षकपानावर १९०३ असंच दिसतं. ओळखायला भिंग पुरतं. खिळ्याच्या छपाईत अक्षराचा दाब कागदात किंचित उतरलेला असतो. पान तिरकं धरून खिडकीच्या उजेडात पाहिलं की उठाव कळतो, बोटाच्या टोकालाही लागतो. स्कॅन करून छापलेल्या पानावर अक्षरं सपाट असतात, कडेला सावलीसारखे काळे डाग असतात, कुठे तरी मूळ वाचकाने पेन्सिलने मारलेली रेघसुद्धा छापून आलेली असते. पुठ्ठ्याच्या पाठीवर बारकोड असेल तर भिंगाचीही गरज नाही.

सही असेल तर आणखी सावध व्हा. टिळक १ ऑगस्ट १९२० ला गेले. बॉलपेन बाजारात आलं १९४५ च्या सुमारास. त्यामुळे बॉलपेनची ‘टिळकांची सही’ पाहिल्यावर चर्चा तिथेच थांबते. शाईची असेल तरी स्वतःच निकाल देऊ नका, फोटो काढून ठेवा. लेखकाने कुणाला तरी भेट दिलेली आणि तसं लिहिलेली प्रत साध्या प्रतीपेक्षा कितीतरी मोलाची असते. पण ते सिद्ध करायला त्या ‘कुणाला तरी’चा घराण्याशी संबंध दाखवता यावा लागतो.

दुसऱ्या वाटेने आलेल्या, म्हणजे खऱ्याखुऱ्या ध्रुवसफरींच्या पुस्तकांत जुनं आणि दुर्मीळ यांतला फरक झटकन लक्षात येतो. नॅन्सेनच्या ‘फार्देस्ट नॉर्थ’ची १८९७ ची दोन खंडांची इंग्रजी आवृत्ती किंवा अमेरिकन डॉक्टर एलिशा केंट केनचं १८५६ चं ‘आर्क्टिक एक्स्प्लोरेशन्स’ ही त्या त्या काळी तुफान खपलेली पुस्तकं. दिसायला देखणी, सोनेरी नक्षीची. पण प्रती इतक्या निघाल्या की चांगल्या अवस्थेतली प्रतसुद्धा जगाच्या बाजारात सहज मिळते. याउलट जॉन फ्रँकलिनच्या पहिल्या भूमार्गी मोहिमेचं १८२३ चं पुस्तक, पॅरीची १८२१ ची वायव्य मार्गाच्या शोधाची रोजनिशी, स्कोर्सबीचं १८२० चं दोन खंडांतलं आर्क्टिकचं वर्णन किंवा जॉन रॉसचं १८३५ चं निवेदन निघालं, तर कपाटाला कुलूप लावा आणि मगच पुढचं वाचा. फ्रँकलिन पुढे १८४५ मध्ये एरेबस आणि टेरर ही जहाजं घेऊन निघाला आणि सगळ्या माणसांसह नाहीसा झाला. त्या शोकांतिकेमुळे त्याच्याशी जोडलेल्या प्रत्येक कागदाला गिऱ्हाईक असतं.

या पुस्तकांचा जीव नकाशांत आणि चित्रांत असतो. म्हणून सुरुवातीला दिलेली चित्रांची यादी घ्या आणि एकेक चित्र, एकेक घडीचा नकाशा त्यावर खूण करत मोजा. चित्र गहाळ असेल तर शिवणीजवळ कापलेल्या पानाची बारीक पट्टी उरलेली दिसते. फ्रेम करून विकणाऱ्यांनी ब्लेडने काम केलेलं असतं. पानं पुरी आहेत का, हे पाहण्याची जुनी सोयही आहे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी पुस्तकांत ठरावीक पानांनंतर तळाशी मजकुराशी संबंध नसलेलं एक एकटं अक्षर असतं : बी, सी, डी... ते बांधणाऱ्याला फर्म्यांचा, म्हणजे एकत्र छापून घडी घातलेल्या पानांच्या गठ्ठ्यांचा, क्रम कळावा म्हणून. त्या मालिकेत जे, व्ही आणि डब्ल्यू ही अक्षरं नसतातच, तेव्हा आयनंतर एकदम के आलं म्हणून पानं गेली असं समजून हळहळू नका. के नंतर एम आलं तर मात्र एक अख्खा फर्मा गेलाय. घडीचा नकाशा उघडताना टेबलावर सपाट ठेवूनच उघडा, हवेत धरून नाही. घडीच्या चौकात कागद आधीच झिजलेला असतो आणि तिथूनच फाटतो.

यानंतर शिक्के. आपल्या भागात ते फार बोलके असतात, कारण जिल्ह्याचं नाव बदलत गेलं. नुसतं ‘खानदेश’ असेल तर शिक्का बहुधा १९०६ च्या आधीचा. त्या वर्षी जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. ‘पश्चिम खानदेश’ म्हणजे त्यानंतर ते महाराष्ट्र राज्य होईपर्यंतचा काळ. मग धुळे. आणि ‘जिल्हा नंदुरबार’ असा शिक्का असेल तर तो १ जुलै १९९८ नंतरचाच. म्हणजे एका शिक्क्यावरून पुस्तक या मातीत कधी आलं, याचा अंदाज बांधता येतो. शाळेचं बक्षिसाचं लेबल, क्लबचा क्रमांक, आतल्या पानावरचं नाव, विक्रेत्याची इवलीशी चिठ्ठी यांतलं काहीही खोडू किंवा सोलू नका. ‘डाग’ समजून लोक हेच पुसून काढतात.

सार्वजनिक वाचनालयाचा किंवा शाळेचा शिक्का असेल, तर आधी एक प्रश्न निकालात काढा : हे पुस्तक तिथून रीतसर बाहेर पडलंय का? निर्लेखन झालेल्या पुस्तकावर सहसा बाद किंवा रद्द असल्याचा शेरा असतो. तो नसेल तर संबंधित संस्थेला विचारा. कोणताही जबाबदार विक्रेता हा प्रश्न विचारणारच, आणि तेव्हा उत्तर नसणं महागात पडतं.

पानांत खोचलेले कागदही काढून फेकू नका. कुठल्या दोन पानांमध्ये काय होतं, त्याची नोंद करून स्वतंत्र पाकिटात ठेवा. १९४२ च्या ९ सप्टेंबरला शिरीषकुमार मेहता आणि त्याचे सोबती ज्या नंदुरबारमध्ये गोळ्या झेलून पडले, तिथल्या जुन्या घरात पत्रकं, पत्रं, हस्तलिखित नोंदी निघू शकतात. कधी कधी पुस्तकापेक्षा त्यात ठेवलेली चिठ्ठीच इतिहासाला जास्त कामाची निघते.

आता न करायच्या गोष्टी. मला विचाराल तर जुन्या पुस्तकांचं सर्वांत जास्त नुकसान वाळवीने नाही, हौसेने होतं. पाठ सुटली म्हणून पुस्तक गल्लीतल्या बाइंडरकडे जातं. तो इमानदारीने त्याचं काम करतो : जुना पुठ्ठा फेकतो, रेक्झिन लावतो, आणि कडा सरळ दिसाव्यात म्हणून तिन्ही बाजूंनी कटिंग मशीनवर घालतो. संग्राहकाच्या लेखी त्या दहा मिनिटांत पुस्तकाची बहुतेक किंमत संपलेली असते. सुटलेली पाठ, निखळलेला पुठ्ठा तसाच पांढऱ्या सुती फितीने हलका बांधून ठेवा. सेलोटेप लावू नका. काही वर्षांत तिचा डिंक तपकिरी होऊन कागदात मुरतो. झेरॉक्सच्या दुकानात नेऊन नकाशा लॅमिनेट करून आणणं म्हणजे तर त्याचा शेवटच. चामड्याची बांधणी हाताला लाल भुकटी लावत असेल, तर तेल, तूप किंवा बुटांचं पॉलिश चोळू नका. ते चामडं कुजत चाललंय आणि तेलाने ते आणखी काळं पडतं.

आणि ऊन. आपल्याकडे ओल आली की वस्तू उन्हात टाकायची सवय हाडात भिनलेली आहे. पण पुस्तक म्हणजे पथारीवर पसरायची मिरची नव्हे. नंदुरबारच्या मे महिन्यातल्या उन्हात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला कागद, जो लाकडाच्या लगद्याचा आणि मुळातच आम्लयुक्त असतो, झपाट्याने ठिसूळ होत जातो आणि पुठ्ठे वाकतात. ओलं पुस्तक सावलीत, पंख्याखाली, पानांच्या मध्ये कोरे कागद घालून आणि ते बदलत राहून वाळवायचं.

आपल्या हवेतला खरा धोका कोरडा उन्हाळा संपून एकदम जून-जुलै लागतो तेव्हा असतो. महिनाभरात हवेतला दमटपणा वाढून कुठल्या कुठे जातो. तो ६५ टक्क्यांच्या वर सतत राहिला की बुरशी धरते. दमटपणा दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र काहीशे रुपयांत मिळतं, ते कपाटात ठेवा. लोखंडी कपाट वाळवीपासून वाचवतं, पण बाहेरच्या भिंतीला टेकवलेलं असेल तर आत घाम धरतं. ते आतल्या भिंतीशी, थोडं पुढे ओढून, जमिनीपासून उचलून ठेवा. पावसाने उघडीप दिली, यंत्रावरचा आकडा खाली आला, की दारं तास-दोन तास उघडा. रंग बदलणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या चालतात. रंग बदलला की तापवून पुन्हा वापरता येतात. पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवणं हा मात्र बुरशीला निमंत्रण देण्याचा प्रकार आहे. धुतलेल्या, खळ नसलेल्या सुती कापडात गुंडाळा, आपल्या जुन्या बस्त्यांसारखं.

कडुलिंबाच्या वाळक्या पानांची पुरचुंडी कपाटाच्या कोपऱ्यात ठेवायला हरकत नाही, पण तिच्यावर विसंबू नका; कसर आणि झुरळं तिला फारशी भीक घालत नाहीत. डांबरगोळ्या पुस्तकाला टेकवून कधीच ठेवू नका, राहत्या खोलीत तर नकोतच. पानांत ताजा भुसा, ताजी भोकं दिसत असतील तर पुस्तक बाकीच्यांपासून वेगळं करा. पॉलिथीनमध्ये हवाबंद करून उणे १८ अंश किंवा त्याखाली सुमारे दोन आठवडे डीप फ्रीजरमध्ये ठेवणं हा किड्यांवरचा मान्य उपाय आहे. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण एक दिवस उघडायची नाही, नाहीतर पाणी सुटतं. आर्क्टिकवरच्या पुस्तकाला हे औषध शोभूनही दिसेल! पण अक्राणी-अक्कलकुव्याकडे वीज जाते-येते, तिथे घरच्या फ्रिजवर हा प्रयोग करू नका. अर्धवट गारठून पुन्हा ऊब मिळालेले किडे सहज जगतात. चामड्याच्या बांधणीसाठी आधी जाणकाराला विचाराच.

हाताळताना पांढरे हातमोजे नकोत. त्यांनी बोटांचा अंदाज जातो आणि पानं फाटतात. साबणाने धुऊन कोरडे केलेले हात उत्तम. मिरचीच्या हंगामात तर धुणं दोनदा. फोटो मोबाइलने काढा. झेरॉक्स किंवा सपाट स्कॅनरवर दाबून पाठ मोडू नका. दोन्ही बाजूंना गुंडाळलेले टॉवेल लावून पुस्तक इंग्रजी व्हीच्या आकारात, पूर्ण न उघडता ठेवा. शीर्षकपान, त्याची मागची बाजू, पाठ, दोन्ही पुठ्ठे, प्रत्येक नकाशा, प्रत्येक शिक्का आणि प्रत्येक दोष यांचे फोटो हवेत. दोष लपवलेली यादी कुणीच गंभीरपणे घेत नाही.

विचारायचं कुणाला? जवळचं ठिकाण धुळं. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यातच वारले आणि पुढच्या वर्षी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभं राहिलं. जुन्या कागदांची जाण असलेली माणसं तिथे भेटण्याची शक्यता अधिक. पुण्यात १९१७ पासूनचं भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर, मुंबईत १८०४ चा वारसा सांगणारी एशियाटिक सोसायटी. टिळकांच्या ग्रंथासाठी पुणं, इंग्रजी प्रवासवर्णनांसाठी मुंबई, असा ढोबळ हिशेब ठेवा. पुस्तक घेऊन थेट जाऊ नका. आधी फोटो आणि एका पानाची माहिती पाठवा. बांधणीची खरी दुरुस्ती करायचीच असेल, तर ती कागद-संवर्धनाचं शिक्षण घेतलेल्या माणसाकडूनच. पुस्तकाची किंमत दुरुस्तीच्या खर्चाइतकी नसेल, तर फक्त एक नीट पेटी करून घ्या. बहुतेक वेळा तेवढंच पुरतं.

कायद्याचं थोडक्यात. टिळकांच्या मृत्यूला ६० वर्षं कधीच उलटल्यामुळे त्यांच्या ग्रंथावर लेखनहक्क उरलेला नाही. त्याचं स्कॅन करून कुणालाही द्यायला मोकळीक आहे. प्रत देशाबाहेर पाठवणं मात्र वेगळं. १९७२ च्या पुरावस्तूंविषयीच्या केंद्रीय कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या ऐतिहासिक मोलाच्या वस्तू, आणि हस्तलिखितं-दस्तऐवजांच्या बाबतीत ७५ वर्षांहून जुने कागद, परस्पर परदेशी नेता येत नाहीत. सुट्टीत आलेल्या अमेरिकेतल्या भाच्याच्या बॅगेत ‘तिकडे चांगला भाव येईल’ म्हणून पुस्तक घालून दिलं, तर विमानतळावर अडचण भाच्याची होते. आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे विचारणा करा.

विकायचंच ठरलं, तर संकेतस्थळांवर विक्रेत्यांनी लावलेल्या किमती बघून भुलू नका. त्या मागितलेल्या असतात, मिळालेल्या नव्हेत. लिलावांत प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या, त्याच आवृत्तीच्या आणि तशाच अवस्थेच्या प्रतींचे आकडे शोधा. दोन वेगवेगळ्या विक्रेत्यांची मतं घ्या. ‘दाखवायला’ म्हणून पुस्तक नेणाऱ्याकडून साल, आवृत्ती, नकाशांची संख्या आणि अवस्था लिहिलेली सही-तारखेची पोच घ्या, मग तो ओळखीचा का असेना. पैसे घेण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही. ‘स्कॅन करा, पैसे येतील’ म्हणणारा ग्राहक पुस्तकासाठी आलेलाच नाही. वाटणीतलं पुस्तक असेल तर सगळ्या वारसांची लेखी संमती विक्रीआधी घ्या.

संस्थेला द्यायचं असेल तर तोंडी बोलीवर सोडू नका. पुस्तक कुठे राहील, वाचकाला कसं पाहता येईल, स्कॅनची एक प्रत तुम्हाला मिळेल का, आणि संस्थेला पुढे ते ठेवता आलं नाही तर आधी तुम्हाला विचारलं जाईल का, या चार ओळी दानपत्रात घाला. पावतीवर नुसतं ‘एक जुने इंग्रजी पुस्तक’ असं लिहून आणतील. शीर्षक, साल आणि नकाशांची संख्या लिहूनच घ्या.